मागच्या चाकांचे बाण

बडोदा
१२ फेब्रुवारी १९९८

तीर्थस्वरूप कुंडलिकदादा यास,
भगवंताचा साष्टांग नमस्कार.

दादा, तू हसणार हे धरूनच सांगतो. मी गाडी घेतली. आमच्या साहेबांनी परदेशातून येताना बरोबर आणली होती, त्यांची बदली झाली आणि ती माझ्या दारात आली. लाल रंग, दोनच दारं, आणि बसायला इतकी खाली की जमिनीवर मांडी घातल्यासारखं वाटतं. उज्ज्वला म्हणते, या गाडीत मागे बसायचं तर आधी कवायत शिकायला हवी. आमच्या प्राचीने मात्र शाळेत सगळ्यांना सांगून टाकलंय.

अडचण टायरची आहे. चारही गुळगुळीत झालेत. ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करते, मग थांबते. नवे घ्यायला गेलो तर दुकानदार विचारतो, रुंद पाहिजेत की मूळ मापाचे, मऊ रबराचे की टणक? मी कारखान्यात पंप उघडणारा माणूस, मला त्यातलं काय कळणार? आपल्या घरात टायर कळणारा तू एकटा. वीस वर्षं वारूळवाडीच्या रस्त्याला टायरचं दुकान घालून बसलायस. एसटीडीवर विचारलं असतं, पण मीटर पळायला लागला की मला बोलायचं सुचत नाही. तेव्हा सविस्तर लिही.

तुझा धाकटा मावसभाऊ,
भगवंत


वारूळवाडी
१ मार्च १९९८

चि. भगवंत यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. हाताखालचा रखमाजी म्हणाला, दोनच दारं म्हंजी बायको रुसून उतरायला एकच वाट. त्येचं मनावर घेऊ नको, त्यो सायकलवर फिरतो.

आता ध्यान देऊन वाच. रुंद टायर घे, पण रिमला झेपंल एवढाच. रिमपेक्षा टायर लई वाढला तर वळणावर त्येचं पोट लोंबतं. टणक रबर टिकतं, पण वल्या रस्त्याला दगा देतं. मऊ रबर लवकर झिजतं, पण रस्ता धरून ऱ्हातं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणाऱ्या पिकअपला म्या टणक देतो, कारण त्यांना टायर पुरवून वापरायचा आसतो. तुला पळायचंय. तू मऊ घे. रिमोल्डच्या नादाला लागू नको, त्यो जुन्या टायरला नवा सदरा घातलेला आसतो.

आन् एक. टायर निवडणं सोपं, बसवणं आवघड. तिथं कुणाला हात लावू देऊ नको. मे महिन्यात आपल्या कुशाबाच्या लग्नाला येशील तवा टायर गाडीत घालून आण, म्या सोता बसवीन. जुन्नर-आंबेगावात ट्रॅक्टरचं चाक घसरायला लागलं की लोक म्हणत्यात, कुंडलिककडं न्या. का, तर मला टायरच्या नक्षीचा बाण कळतो. वढणाऱ्या चाकाचा बाण पुढं, वढून न्यायच्या चाकाचा बाण मागं. ट्रॅक्टरला सरळ लावायचा, त्योच जुना झाला की पाण्याच्या टँकरला उलटा लावायचा. मग टँकर हलका पळतो. हे तुझ्या बडोद्याच्या दुकानदाराला इचारून बघ. तोंडाकडं बघत बसंल.

घरात सगळ्यांना आशीर्वाद.
कुंडलिक


बडोदा
२० मार्च १९९८

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

तुझ्या सांगण्याप्रमाणे मऊ रबराचे घेतले. रुंदी मूळ मापापेक्षा एकच नंबर वर. दोन प्रकार होते. एकाची नक्षी साधी, कशीही बसवा. दुसऱ्याची नक्षी सगळी बाणांची, मधून दोन्ही बाजूंना फाकत गेलेली. तो बाणांचा पाहिला आणि तुझी आठवण आली. म्हटलं, आमच्याकडे बाण कळणारा माणूस आहे. तोच घेतला.

टायरच्या कडेलाही एक बाण कोरलेला आहे आणि त्यावर इंग्रजीत 'रोटेशन' असं लिहिलंय. दुकानदार म्हणाला, बसवणं फुकट आहे, आत्ताच बसवून न्या. मी म्हटलं, नको, आमचे दादा बसवतील. तो हसला. हसू दे.

मे महिन्यात येतोच.
भगवंत


बडोदा
९ जून १९९८

तीर्थस्वरूप दादास नमस्कार.

सुखरूप पोहोचलो. गाडी काय पळते म्हणून सांगू. रस्ता मुठीत धरल्यासारखी वाटते. वाटेत प्रत्येक चहाच्या टपरीवर लोकांनी टायर वाकून पाहिले.

तू बसवत होतास तेव्हा दुकानापुढे केवढी गर्दी जमली होती ना. लग्नातली निम्मी वरात तिथेच. तू साबणाचं पाणी लावून टायर रिमवर चढवलेस, मग बॉनेट उघडायला लावलंस आणि सगळ्यांना विचारलंस, इंजिन कोणती चाकं ओढतंय? पुढची. मग मागची कोण? आणि तूच म्हणालास, "मागची ट्रॉली." आणि मागच्या दोन चाकांचे बाण मागे फिरवलेस. सोमाजी कंत्राटदाराने मान डोलावली. तो कुणापुढे मान डोलावत नाही. मला फार बरं वाटलं दादा. बडोद्यात मी कुणाचा तरी कामगार आहे, तिथे मी तुझा भाऊ होतो.

इथल्या टायरवाल्याकडे परवा हवा भरायला गेलो तर त्याच्याशी जरा वाजलं. तुझ्यावरून. जाऊ दे, त्याचं तोंड मी बंद केलं.

नागपंचमीला उज्ज्वलाला माहेरी अवसरी खुर्दला आणायचं आहे. तेव्हा भेट होईल.
भगवंत


बडोदा
२ सप्टेंबर १९९८

तीर्थस्वरूप दादास,

महिना झाला, पत्र लिहायला हात उचलत नव्हता. कळंबच्या वळणावर जे झालं ते तू येऊन पाहिलंसच. पाऊस होता, पण काही मुसळधार नव्हता. नारायणगाव सोडल्यावर गाडी जरा मोकळी सोडली. वळणावर मागचा भाग बाजूला सरकायला लागला आणि मग गाडी माझी राहिलीच नाही. लिंबाच्या झाडाला डावी बाजू आपटली. मागे बसलेल्या प्राचीला ओरखडासुद्धा आला नाही. उज्ज्वलाच्या हाताला लागलं.

चूक माझी. वेग माझा. तू पिकअप घेऊन आलास, गाडी ओढून नेलीस, मंचरच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत थांबलास, आणि एकदाही मला विचारलं नाहीस की किती जोरात होतास. त्याचीच जास्त शरम वाटते. सासरेबुवांनी मला चहा दिला नाही. मोठी गाडी घेऊन गावात मिरवायला आलो आणि बायकोला माहेरच्या वेशीवर मोडून ठेवलं, असं लोक म्हणत असतील. म्हणू देत. खरंच आहे.

गाडी तुझ्याकडेच राहू दे. मला तिचं तोंड पाहायचं नाही.
भगवंत


वारूळवाडी
१४ सप्टेंबर १९९८

चि. भगवंत यास अनेक आशीर्वाद.

आसं मन खाऊ नको. जवान माणसाचा पाय दबतोच. गाडी झाकून ठेवलीया. डावं दार नि बंपर पुण्याला नाना पेठेत मिळतोय का ते बघतो. इंजिनाला धक्का न्हाय.

गावात बोलणारे हायेत. सोमाजी म्हणत व्हता, भगवंताला ती गाडी झेपली न्हाय. म्या एवढंच म्हणालो, टायरकडं बोट दाखवू नका, ते म्या बसवल्यात. तुझा वेग चुकला आसंल, पण तू माझा भाऊ हायेस. माणसाची एक चूक पोटात घालायची आसती. पुढच्या वक्ताला सावकाश चालव, म्हंजी झालं.

घरात आशीर्वाद.
कुंडलिक


वारूळवाडी
२० डिसेंबर १९९८

चि. भगवंत यास,

आशीर्वाद लिहायला घेतला आन् खोडला. आधी पत्र वाच, मग ठरव.

परवा नारायणगावला मंगल कार्यालयात एका टायर कंपनीनं दुकानदारांना जेवायला बोलावलं व्हतं. मंचर, आळेफाटा, घोडेगाव, सगळीकडनं माणसं आलती. जेवणाआधी त्यांच्या पोरगेल्या इंजिनिअरनं टायर मांडून माहिती दिली. त्यात तुझ्यासारखा बाणांचा टायर व्हता. त्यो म्हणाला, ही नक्षी चिखलात जोर लावायला नसती. वल्या रस्त्यावर चाकाखालचं पाणी बाहेर फेकायला आसती. म्हणून बाण चारी चाकांना पुढंच पायजे. उलटा बसला तर पाणी बाहेर जायच्याऐवजी चाकाखाली जमतं, आन् टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो.

म्या हात वर केला. तुला माझी खोड ठावं हाये. म्हणालो, ते वढणाऱ्या चाकाला झालं, मागच्या चाकाला बाण उलटा लागतो, म्या वीस वरसं लावतोय. त्यो म्हणाला, "मामा, कारला ट्रॉली नसते."

सगळं कार्यालय हासलं. रखमाजीबी हासला. म्याबी हासलो, काय करणार. मग आवाज काढून इचारलं, मागचे उलटे बसले तर काय व्हईल? त्यो म्हणाला, "पावसात वळणावर गाडीचं शेपूट निसटेल."

त्येनं आगदी तेच सांगितलं भगवंता. तू पत्रात लिवलं व्हतंस तेच. मागचा भाग सरकायला लागला म्हणून.

जेवण केलं न्हाय. तसाच दुकानात आलो, तुझ्या गाडीवरची ताडपत्री काढली आन् मागच्या चाकापुढं बसलो. कडंचा बाण मागं तोंड करून. तू त्या बाणाबद्दल मला लिवलं व्हतंस. बसवताना म्या त्यो बघितला व्हता. न बघता चुकलो आसतो तर एवढं लागलं नसतं. म्या बघितला आन् मनात म्हणालो, ह्यो कंपनीवाल्यांनी वढणाऱ्या चाकापुरता मारलाय, मागच्या चाकाचं त्यांना काय कळतंय. माझ्यापुढं पन्नास माणसं उभी व्हती. मला त्यांना ट्रॉलीची गोष्ट सांगायची व्हती.

तुझा वेग व्हताच. पण सरळ बाणांवर कदाचित गाडी सावरली आसती. ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाय. आन् म्या तुला सप्टेंबरात लिवलं, माणसाची एक चूक पोटात घालायची आसती. चूक माझी आन् पोटात घालायला म्याच मोठा. ते वाक्य आठवलं की दुकानात कुणी नसलं तरी मान खाली जाती.

गावात म्या अजून कुणाला सांगितलं न्हाय. आधी तुला सांगायचं व्हतं. आता सांगणार हाये, सोमाजीपास्नं सुरुवात करणार. लोक टायर आणायचे बंद झाले तर व्हऊ देत. तुझ्या नावावर जे बसलंय ते माझ्या नावावर आलं पायजे.

भगवंता, तू मला माफ कर. दुसरं मागायला तोंड न्हाय.
कुंडलिक


बडोदा
१० जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप कुंडलिकदादास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. सोमाजीला सांगितलं नसशील तर सांगू नकोस. कारण अर्धी गोष्ट तुला माहीतच नाही.

मला माहीत होतं दादा.

जूनमध्ये इथल्या टायरवाल्याशी वाजलं असं लिहिलं होतं, ते याच्यावरून. हवा भरताना तो म्हणाला, मागचे दोन्ही उलटे आहेत, पावसाच्या आत बदलून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मग त्याने पोराला हाक मारून दाखवलं आणि विचारलं, कुठल्या खेड्यात बसवलेत? माझं डोकं फिरलं. म्हटलं, ज्याने बसवलेत त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तो म्हणाला, कडेचा बाण तरी बघा. मी बघितला. रोटेशन. मला इंग्रजी वाचता येतं, दादा.

घरी येऊन विचार केला, बदलून घ्यावेत का. मग वाटलं, नागपंचमीला जाणार, तू चाकं पाहणार, सरळ झालेली दिसली की तुझं तोंड उतरणार. पन्नास माणसांपुढे तू बसवलेले, आणि मी बडोद्याच्या कुणा परक्याकडून फिरवून आणलेले. तुझा अपमान होईल म्हणून ठेवले तसेच. आणि खरं सांगायचं तर माझाही. सगळीकडे सांगत सुटलो होतो की आमच्याकडे बाण कळणारा माणूस आहे. अपघातानंतर मात्र वेग, वेग म्हणून तुला लिहिलं. वेगाची चूक पुरुषासारखी वाटते. ही चूक सांगताना लाज वाटते.

तू न कळून केलंस, मी कळून केलं. तेव्हा माफी मीच मागायची. मी तुला माफ केलं, तूही मला कर. मन हलकं झालं. आपल्यात आता काही राहिलं नाही. गाडीचं दार मिळालं का ते कळव.

तुझा,
भगवंत


बडोदा
११ जानेवारी १९९९

कुंडलिकदादा,
उज्ज्वलाचा नमस्कार.

अक्षर लागत नसेल तर चष्मा लावून वाचा. डाव्या हाताने लिहिते आहे. धाकट्या भावजयीने थोरल्या दिराला पत्र लिहू नये हे मला माहीत आहे. ह्यांनी कालचं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, तेव्हा वाचलं. तुमचं डिसेंबरचंही वाचलं आहे, ते टीव्हीवर पडलेलं होतं. हा कागद त्याच पाकिटात घालते आहे. ह्यांना सांगितलेलं नाही.

त्या टायरवाल्याकडे मी गाडीतच बसले होते. सगळं ऐकलं. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, घ्या ना बदलून. हे म्हणाले, दादाला कमीपणा येईल. मी गप्प बसले. माझं तेवढं चुकलं.

"आपल्यात आता काही राहिलं नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ह्यांची माफी मागता, हे तुमची मागतात. ह्यांनी तुम्हाला माफ केलं, आता तुम्ही ह्यांना कराल. कोपर माझं फुटलं दादा, उजवं, धडकताना पुढे टेकवलेलं. सळई घातली, ती काढली, पुन्हा घातली. हात सरळ होत नाही आणि तोंडापर्यंत येत नाही. मी पंधरा वर्षं या सोसायटीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले. आता कात्री उजव्या हातात धरते आणि ती कापडावर फिरत नाही. माझी वेणी प्राची घालते. जेवताना पाहुणे आले तर मी आत जाऊन जेवते, डाव्या हाताने घास घेताना कुणी बघू नये म्हणून. चूक दुसऱ्यांची आणि लाज मला वाटते, हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

मंचरच्या दवाखान्यात तुम्ही दाराबाहेर उभे होतात. थोरले दीर आहात, आत येणार नाही, हे मी समजले. पण दार उघडं होतं. हात फळीला बांधलेला होता, आणि तुम्ही ह्यांना बंपर कुठे मिळेल ते सांगत होतात. मी वाट पाहत होते की आता कुणीतरी विचारेल. तेव्हापासून चार पत्रं गेली-आली. गाडीच्या दाराची चौकशी झाली. इंजिनाला धक्का नाही, हेही मला कळलं.

माझी माफी मागा असं मी म्हणत नाही. एवढंच लिहायचं होतं.

उज्ज्वला


वारूळवाडी
२ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. उज्ज्वला हिस,
कुंडलिकचा नमस्कार.

थोरल्या दिरानं भावजयीला आशीर्वाद लिवायचा आसतो. पण द्यायला तोंड न्हाय, म्हणून नमस्कारच लिवलाय. मोठ्यानं धाकटीला केला म्हणून तू संकोच करू नको. आठ दिवस मायना सुचत नव्हता, हा सुचला.

मागचे टायर म्या उलटे बसवले. तू त्या गाडीत बसली व्हतीस. तुझा हात मोडला. हे म्या भगवंताला लिवलं, तुला लिवाया पायजे व्हतं. दवाखान्यात दार उघडं व्हतं हे मलाबी दिसत व्हतं. आत काय बोलायचं ते कळंना, म्हणून बाहेर बंपरचं बोलत बसलो. रिवाज नुसता आडोशाला घेतला.

सोमाजीला सांगितलं. चावडीपुढं सगळ्यांनाबी सांगितलं. पण तेबी माझं मन हलकं करायला केलं, तुझ्या हाताला त्येचा काय उपेग न्हाय, हे तुझं पत्र वाचल्यावर उमगलं.

भगवंताला म्या माफी दिली न्हाय. ती माझ्याकडं नव्हती. त्येला तसं वेगळं लिवलंय.

हे पत्र तुझ्याच नावावर टाकतोय. उत्तर द्यावंसं वाटलं तर दे, न्हाय वाटलं तर नको देऊ. इचारायला सहा महिने उशीर झालाय, तरी इचारतो.

तुझा हात कसा हाये?

कुंडलिक